तीन नंबरची चूक

मैदानावर ते सगळ्यांच्या आधी यायचे, आणि येताना खराटा घेऊन यायचे. खराट्याची मूठ जीन्सच्या पट्टीने गुंडाळलेली असायची. फर्स्ट बेसच्या भोवती चार पावलांचा एक गोल ते झाडून काढायचे. मग उकिडवे बसून त्यातले खडे वेचायचे आणि डालड्याच्या जुन्या डब्यात टाकायचे. गोलाच्या बाहेरचा एकही खडा उचलायचे नाहीत. कुणी नवा खेळाडू म्हणालाच, "दादा, इकडेपण मारा ना जरा झाडू," तर मान वर न करता म्हणायचे, "एवढी माझी खोली. तुझी तू झाड."

आमच्या भागात बेसबॉल खेळतात हेच पुष्कळांना ठाऊक नसतं, म्हणून थोडक्यात सांगतो. बॅटरने बॉल जमिनीवरून मारला की तो फर्स्ट बेसकडे पळत सुटतो. बॉल ज्याच्याकडे जाईल त्याने तो उचलायचा आणि फर्स्ट बेसवर उभ्या असलेल्या माणसाकडे फेकायचा. बॉल आधी पोचला तर बॅटर बाद. म्हणजे बॉल कुणीही अडवला तरी काम पुरं होतं ते त्या एका माणसाच्या हातात. दादा बत्तीस वर्षं तो माणूस होते. मी त्यांच्या बरोबर समोर, थर्ड बेसवर. तिथून त्यांच्यापर्यंतची फेक सगळ्यात लांबची.

त्यांनी कुणालाही नावाने हाक मारली नाही. मैदानावर जी जागा, तेच नाव. मी "थर्ड". मन्नू "कॅचर". एकदा मन्नूच्या लग्नात स्टेजवर जाऊन त्यांनी नवरीला सांगितलं, "कॅचर चांगला आहे, फक्त गुडघे सांभाळायला सांगा त्याला." नवरी घाबरून सासूकडे बघत राहिली.

फाळणीनंतर वसलेल्या आमच्या वस्तीत, कॅम्प तीनमध्ये, मन्नूच्या काकांचा जीन्सचा कारखाना होता. कारखाना म्हणजे एका गाळ्यावरचा पोटमाळा आणि त्यावर नऊ मशिनी. दादा तिथे बटणं आणि रिबिटं ठोकायच्या मशिनीवर बसायचे. डावखुरे असल्यामुळे त्यांनी मशीन उलटी फिरवून भिंतीकडे तोंड करून घेतलं होतं, आणि दिवसभर सगळ्यांकडे पाठ करून काम करायचे. जेवणाच्या सुट्टीत मात्र तोंड फिरवायचे. वाकडी निघालेली बटणं एका पिशवीत जमवलेली असायची. मन्नू गच्चीवर उभा राहून एकेक बटण त्यांच्याकडे फेकायचा आणि ते कपडा मोजायच्या लाकडी पट्टीने ते टोलवायचे. टक. टक. जोर लावायचे नाहीत. बटण पट्टीला लागून चार हातांवर पडायचं. शंभर बटणांत एखादं चुकलं तर पुन्हा पहिल्यापासून.

मन्नूचे काका जिन्यात उभे राहून बघायचे आणि म्हणायचे, "साईं, इसको डॉक्टर को दिखाओ. मेरा पट्टी बटन मारने के लिए है क्या?"

"शेठ, पट्टी को कुछ हुआ क्या?" दादा विचारायचे.

"पट्टी को नहीं हुआ. मेरे को होता है देख के."

त्यांची सगळी बॅटिंग त्या गच्चीवर तयार झाली. ते कधी लांब मारायचे नाहीत. बॉल कितीही वेगात येऊ दे, त्याला बॅट लागणारच, आणि तो दोन फील्डरांच्या मधून कुठेतरी घरंगळत जाणार. तेवढ्यात हे फर्स्ट बेसवर. "मारायचं नाही, लावायचं," असं म्हणायचे. त्यांना तीनदा हुकून बाद झालेलं मी आयुष्यात दोन वेळा पाहिलं असेल. बाद होणारच हे उघड दिसत असलं तरी ते फर्स्ट बेसपर्यंत पूर्ण जोर लावून पळायचे, बेसला पाय लावायचे आणि मगच परत फिरायचे. अर्ध्यातून परतणाऱ्याशी त्या दिवशी बोलायचे नाहीत.

होमरन, म्हणजे बॉल थेट मैदानाबाहेर मारायचा, या प्रकाराबद्दल त्यांना उघड राग होता. आमच्या मैदानाच्या डाव्या अंगाला नाला होता, आणि त्या काळी त्यात जीन्स धुण्याच्या कारखान्यांचं पाणी यायचं. क्लबकडे सरावाचे तीन बॉल. एका रविवारी मी जीव खाऊन मारला आणि बॉल सरळ नाल्यात गेला. पोरांनी टाळ्या वाजवल्या. दादा पँट गुडघ्यापर्यंत दुमडून नाल्यात उतरले आणि अर्ध्या तासाने बॉल घेऊन वर आले. पांढरा बॉल निळा झाला होता, तो कायमचाच.

"होमरन म्हणजे काय कळलं का, थर्ड?" पाय खरवडत त्यांनी विचारलं.

"काय दादा?"

"टाळ्या तुला. नाला मला."

तेव्हा मी सगळ्यांबरोबर हसलो होतो.

बेसवर येणाऱ्या प्रत्येक माणसाशी ते बोलायचे. प्रतिस्पर्धी धावत येऊन धापा टाकत उभा राहिला की हे शांतपणे विचारणार, "जेवून आलास ना?" एकदा बदलापूरजवळच्या एका गावातला मुलगा बेसवर आला. वडिलांची शेती, घरात सगळ्यांत धाकटा, असं दादांनी पहिल्या मिनिटातच काढून घेतलं.

"आई कशी आहे?" दादा.

"बरी हाय मामा. गुडघा लय दुखतो तिचा," तो म्हणाला, आणि बोलता बोलता बेसवरून दोन पावलं पुढे आला. बॉल टाकायला उभ्या असलेल्या आमच्या पिचरने तो दादांकडे फेकला. दादांनी तो हळूच त्या मुलाच्या दंडाला लावला. पाय बेसवर नसताना बॉल लावला की बाद.

"मामा, हे बरोबर नाय," मुलगा म्हणाला.

"बेसवर उभं राहून बोलायचं. आता सांग, गुडघ्याला काय लावते ती?"

आम्हाला वाटलं, ही सगळी चलाखी. पण पुढच्या आठवड्यात ते कॅम्पातल्या कुठल्याशा वैद्याकडून तेलाची बाटली घेऊन त्या गावी पोचले. परतताना त्यांच्या पिशवीत वाल होते. बाद करायचं ते केलंच, आणि गुडघ्याची विचारपूसही खरी होती. ही दोन्ही कामं एकाच माणसाकडून कशी होतात हे मला तेव्हा कळलं नाही.

त्यांचा ग्लोव्ह इतरांपेक्षा लांब आणि खोल होता. फर्स्ट बेसचा तसाच असतो. तो त्यांनी जीन्सच्या जाड दोऱ्याने इतक्या वेळा शिवला होता की मूळचं चामडं कोणतं आणि ठिगळ कोणतं ते सांगता आलं नसतं. रोज खोबरेल तेल लावायचे आणि आत बॉल ठेवून, दोरीने बांधून गादीखाली ठेवायचे. वहिनी म्हणायच्या, "माझ्या वेणीला तेल उरत नाही, ह्यांच्या पंजाला मात्र चंपी रोजची."

आता माझ्याबद्दल. मी टाळत होतो.

मी सतराव्या वर्षी क्लबात आलो. हातात जोर होता, दिशा नव्हती. थर्डवरून फेकलेला माझा बॉल नेहमी कमी पडायचा, त्यांच्या पायापाशी किंवा त्याच्याही अलीकडे. पहिल्याच दिवशी मी माफी मागायला गेलो तर म्हणाले, "तू फेकत राहा. कुठे पडतो ते मी बघतो." आणि खरंच बघितलं. एक पाय बेसवर ठेवून दुसरा इतका लांब टाकायचे की जमिनीवर बसल्यासारखे दिसायचे, आणि धुळीतून उसळणारा बॉल त्या लांब पंजात अलगद घ्यायचे. सहा वर्षं त्यांनी माझा प्रत्येक वाईट बॉल असा उचलून घेतला. बघणारे म्हणायचे, थर्डचा हात जबरदस्त आहे. मलाही तसंच वाटायला लागलं. मग मी पाय नीट रोवायचा आळस करू लागलो. फेकायचं, पुढचं दादा बघतील.

मी तेवीस वर्षांचा असताना आम्ही जिल्ह्याच्या अंतिम सामन्यात पोचलो. समोर अंबरनाथच्या एका कंपनीचा संघ, आणि मैदान त्यांचंच, एमआयडीसीत. राज्याच्या संघासाठी निवड करणारे दोघे जण बघायला आले होते. आमच्या क्लबातून एकच खेळाडू घेणार हे त्यांनी आधीच सांगितलं होतं. एक तर दादा, नाहीतर मी. राज्याच्या संघातून खेळून प्रमाणपत्र मिळालं की सरकारी नोकरीत खेळाडूंसाठी ठेवलेल्या जागांवर अर्ज करता येतो. दादा तेव्हा सदतीस वर्षांचे होते. पुढच्या वर्षी वयाची अट ओलांडली असती. हे मला ठाऊक होतं, त्यांना ठाऊक होतं, आणि आदल्या दिवशी वहिनींनी मला डब्यातली पोळी देताना म्हटलं होतं, "उद्या ह्यांचं होईल बहुतेक. मशिनीच्या आवाजाने कान गेलेत हो त्यांचे."

स्कोअर लिहायला एक गुरुजी असायचे. बदलापूरच्या शाळेत चित्रकला शिकवायचे. स्वच्छ, मोत्यासारखं अक्षर. वहीत प्रत्येक जागेला आकडा असतो. फर्स्ट बेस तीन, थर्ड बेस पाच. कुणाच्या हातून चूक झाली तर त्या आकड्यापुढे ती लिहिली जाते. बॉल अडवून वाईट फेकला तर चूक फेकणाऱ्याची. चांगला फेकला आणि घेणाऱ्याच्या हातून सुटला तर घेणाऱ्याची. हे गुरुजी ठरवायचे आणि त्यावर वाद नसायचा. तोवरच्या त्यांच्या वह्यांत तीन नंबरपुढे एकही चूक नव्हती. दादांना खेळातल्या कुठल्याच गोष्टीचा अभिमान नव्हता, पण ह्या एका गोष्टीचा होता. सामना संपला की ते गुरुजींच्या मागे उभे राहून वहीत डोकावायचे, काही न बोलता निघून जायचे.

शेवटची इनिंग. स्कोअर बरोबरीत. त्यांचे दोन बाद, तिसरा झाला की त्यांची पाळी संपली. एक माणूस थर्ड बेसवर, माझ्या शेजारीच. बॅटरने बॉल जमिनीवरून सरळ माझ्याकडे मारला. सोपा बॉल होता. मी तो स्वच्छ अडवला आणि माझ्याकडे भरपूर वेळ होता. पाय रोवले नाहीत. फेकला.

बॉल कमी पडला. दादांनी झाडलेल्या गोलाच्या बाहेर, दोन हात अलीकडे त्याचा टप्पा पडला आणि खड्यावर आपटून तो बाजूला वळला. दादा पूर्ण लांब झाले. बॉल पंजाच्या टोकाला घासून मागे निघून गेला. माझ्या शेजारचा माणूस धावत होमप्लेटला, म्हणजे बॅटर उभा राहतो त्या जागी, पोचला आणि त्यांची धाव झाली. आम्ही हरलो.

गुरुजी त्या वेळी होमप्लेटकडे बघत होते, धाव लिहायची म्हणून. फेक त्यांनी पाहिली नव्हती. वही घेऊन ते मैदानात आले. त्यांच्या मागे निवड करणारे दोघे.

"टप्पा पडला होता का?" त्यांनी मला विचारलं.

मला आठवतं, त्यांच्या खिशाला दोन पेनं होती, एक निळं आणि एक लाल. चूक लाल पेनाने लिहायचे.

"नाही गुरुजी," मी म्हणालो. "छातीवर दिला होता."

"तुम्ही काय म्हणता?" त्यांनी दादांना विचारलं.

दादांनी माझ्याकडे पाहिलं. फार वेळ नाही. थर्डवरून फर्स्टवर बॉल पोचायला लागतो तेवढाच.

"तो म्हणतो तसं लिहा," ते म्हणाले.

गुरुजी काटेकोर माणूस. "जागा बघतो मी," म्हणत त्यांनी चष्मा सारखा केला आणि फर्स्ट बेसकडे चालू लागले.  धुळीत टप्प्याची खूण स्पष्ट दिसत होती, मला थर्डवरूनही दिसत होती असं वाटत होतं. पण दादा त्यांच्या आधी तिथे पोचले होते. ते त्या खुणेवर उभे राहिले, आणि डाव्या बुटाने त्यांनी ती पुसली. एकदा इकडे, एकदा तिकडे. मग बाजूला झाले. गुरुजींना झाडलेला गोल दिसला. त्यात किंवा त्याच्या अलीकडे कुठेही टप्प्याची खूण नव्हती.

तीन नंबरपुढे चूक लिहिली गेली, लाल अक्षरात.

निवड करणाऱ्यांपैकी एक जण दुसऱ्याला म्हणाला, "सदतिशीला हात सुटायला लागतात. काय करणार." हळू म्हणाला असता तर बरं झालं असतं. ज्यांचे कान गेले होते त्यांनाही ते ऐकू गेलं.

मन्नू तोंडावरची जाळी काढून माझ्याजवळ आला. कॅचर सगळ्या मैदानाकडे तोंड करून बसतो, त्याला सगळं दिसतं.

"छाती पे दिया?" त्याने विचारलं. "किसकी छाती पे, बे?"

मी बूट सोडत राहिलो.

राज्याच्या संघातून मी एक इनिंग खेळलो. त्या इनिंगमध्ये माझ्याकडे बॉल आलाच नाही. संघाला पदक मिळालं, मला प्रमाणपत्र मिळालं, दीड वर्षात नोकरी मिळाली. बदलापूरला फ्लॅट झाला. आज माझ्याच टेबलावर खेळाडूंची प्रमाणपत्रं तपासणीला येतात. कुणाचा शिक्का पुसट असेल तर मी अर्ज परत पाठवतो.

त्या सामन्यानंतरच्या रविवारी मी सरावाला गेलो. न जाणं म्हणजे कबूल करण्यासारखं होतं, म्हणून गेलो. दादा खराटा मारत होते. "आलास, थर्ड," एवढंच म्हणाले. सराव सुरू झाला. मी पहिला बॉल फेकला, तो नेहमीसारखा त्यांच्या पायाशी आला. ते हलले नाहीत. पंजा छातीवर धरून उभे होते आणि तसेच उभे राहिले. बॉल त्यांच्या बाजूने मागे कुंपणापर्यंत गेला.

"कमी पडला," ते म्हणाले. "आण जा."

मला वाटलं, चुकून झालं असेल. दुसरा बॉलही तसाच सोडला. "कमी पडला. आण जा." शॉर्ट आणि सेकंड बेसवरच्या पोरांचे वाईट बॉल ते पूर्वीसारखेच झेपावून घ्यायचे. माझाच नाही. माझ्यासाठी पंजा छातीवर, आणि छातीवर आला तरच घ्यायचा. त्या सकाळी मी तीस-चाळीस वेळा ते मैदान ओलांडून कुंपणापाशी गेलो. कुणी हसलं नाही.

हे दोन वर्षं चाललं. सामन्यात मात्र नाही. सामन्यात माझा बॉल धुळीत आला तर ते जमिनीवर पसरून घ्यायचे, जणू काही झालंच नाही. सरावात पुन्हा छातीवर. दोन वर्षांत माझी फेक सरळ झाली. थर्डवरून डोळे मिटून त्यांच्या छातीवर देऊ शकेन, अशी झाली. ती त्यांनी केली. ह्याबद्दल मी कधी त्यांचे आभार मानू शकलो नाही, कारण आभार मानायचे तर कशापासून सुरुवात करायची हा प्रश्न होता.

नोकरी लागल्यावर मी हळूहळू जाणं सोडलं. आधी ऑफिसचं कारण, मग मुलांचं. ते पन्नाशीपर्यंत खेळले. मशिनीवर त्याच्याही पुढे बसले. मध्ये कधी कॅम्प तीनमध्ये कपडे घ्यायला जावं लागलं तर मी रिक्षा त्या गल्लीच्या अलीकडे सोडायचो. बायको म्हणायची, पुढे सोडतो ना तो, चालायचं कशाला? मी म्हणायचो, पुढे ट्रॅफिक असतं.

मागच्या महिन्यात मन्नूचा फोन आला. आता त्याच्या डोक्यावर एक केस नाही आणि गुडघे दादांनी सांगितलं होतं तसेच गेले आहेत. तो म्हणाला, "क्लबवाले दादाचा सत्कार करतायत. तू चीफ गेस्ट."

"मी कशाला?"

"क्लबचा एकच स्टेट प्लेयर आहे ना. सरकारी साहब." थोडा थांबून म्हणाला, "पोरांनी दादालाच विचारलं, कुणाला बोलवायचं. दादा बोला, थर्डला बोलवा."

सत्काराच्या आधी चार दिवस मी त्यांच्या घरी गेलो. बराकींच्या मागे तीच खोली. वहिनींनी दार उघडलं, मला ओळखलं आणि बाजूला झाल्या. आत एकच खुर्ची होती, तिच्यावर दादांचा टॉवेल. मी उभाच राहिलो.

"बसा ना," वहिनी म्हणाल्या. "ह्यांच्या जागेवर बसायची सवय आहे तुम्हाला."

दादा कॉटवर बसून जीन्सचे लोंबते दोरे कापत होते. कारखान्याने आता घरी बसून करायला एवढंच काम दिलं होतं. उजव्या हाताची बोटं, ज्या हातात पंजा असायचा ती, सांध्यांत वाकडी होऊन अर्धी मिटलेली राहत होती. त्यामुळे हात सतत काहीतरी झेलायच्या तयारीत असल्यासारखा दिसायचा.

"जेवून आलास ना?" त्यांनी विचारलं.

मी सव्वीस वर्षं जे वाक्य तयार केलं होतं ते म्हणालो. "दादा, तो बॉल टप्पा पडून आला होता."

"मला काय सांगतोस? मी तिथेच होतो."

वहिनी ओट्यापाशी पाठ करून उभ्या होत्या. भांड्यांचा आवाज थांबला.

"मी खोटं बोललो," मी म्हणालो.

"हां."

"तुम्ही का नाही बोललात? गुरुजींनी विचारलं होतं."

"बेसवर बॉल ज्याने फेकला त्याने सांगायचं. मी घेणारा." त्यांनी एक दोरा कापला. "तुझ्या मागे धावून तुझं खरं मी घ्यायचं का?"

मग मी ते विचारलं जे मला इतकी वर्षं कळलं नव्हतं. "खूण का पुसलीत? गुरुजींनी बघितली असती तर तुमचं झालं असतं."

त्यांनी आणखी एक दोरा कापला. मला वाटलं, ऐकू गेलं नसेल. मी पुन्हा विचारणार होतो.

"तू पुढे निघाला होतास," ते म्हणाले. "गुरुजींच्या आधी. तुझा पाय उचललेला मी पाहिला. तू ती पुसताना मला बघायचं नव्हतं."

मी निघालो होतो का? मला आठवत नाही. त्या दिवसाचं सगळं आठवतं, पेनांचे रंगसुद्धा, आणि हे एक आठवत नाही. म्हणजे निघालोच असणार.

"दादा, मी काय करू?"

"मला सांगून काय होणार? वहीत लिहिताना तिघं-चौघं होते. माईक तुझ्या हातात असेल रविवारी." दारापर्यंत आलो तर मागून म्हणाले, "आणि नाव घेत बसू नकोस माझं. नंबर सांग. चूक नंबरला लागते."

रविवारी सकाळी मैदानावर छोटा मांडव होता. नाला आता बऱ्यापैकी साफ आहे. सत्तर-ऐंशी माणसं, निम्मी आमची जुनी, निम्मी हल्लीची पोरं. दादांना शाल, नारळ, आणि चौकटीत बसवलेला तो निळा बॉल दिला. वहिनी पहिल्या रांगेत होत्या. मला बोलायला उभं केलं. दादा स्टेजवर माझ्यापासून चार पावलांवर खुर्चीत होते.

मी सुरुवात केली. खराट्याचं सांगितलं, लोक हसले. बटणांचं सांगितलं, टाळ्या पडल्या. मग मी म्हणालो, "दादा घेणारे होते. आम्ही कसंही फेकलं तरी घेणारे." आणि दादांकडे पाहिलं.

त्यांनी शाल बाजूला सारली होती. उजवा हात छातीवर धरला होता, वाकडी बोटं जमतील तेवढी उघडून, तळवा माझ्याकडे. लोकांना वाटलं, म्हाताऱ्याला भरून आलं. मन्नू खाली उभा होता, त्याला कळलं. त्याने डोक्यावरची टोपी काढली.

"गुरुजींच्या वहीत," मी म्हणालो, "दादांच्या नावावर एवढ्या वर्षांत एकच चूक आहे. ती चूक..."

 मला माझ्या ऑफिसातले दोघे मागच्या रांगेत दिसले, मीच बोलावलेले. आमचा साहेब चीफ गेस्ट आहे म्हणून आले होते.

"ती चूक," मी म्हणालो, "शेवटी दादाही माणूसच, हे सांगायला झाली."

जोरात टाळ्या पडल्या. वहिनी उठल्या आणि चपला शोधायला लागल्या. दादांचा हात आणखी थोडा वेळ छातीवर होता. मग त्यांनी तो मांडीवर ठेवला.

मांडवातून बाहेर पडताना ते माझ्याजवळ थांबले. नारळ त्यांनी काखेत धरला होता. आवाजात राग नव्हता. सरावात असायचा तसाच आवाज.

"कमी पडला, थर्ड," ते म्हणाले. "आण जा."

गुरुजी आता नाहीत आणि ती वही कुणाकडे आहे ठाऊक नाही, म्हणून इथे लिहितो. जिल्ह्याच्या त्या अंतिम सामन्यात, शेवटच्या इनिंगमध्ये, बॉल टप्पा पडून आला होता. टप्पा झाडलेल्या गोलाच्या बाहेर, दोन हात अलीकडे पडला. तीन नंबरची चूक नव्हती. पाच नंबरची होती.